‘तुम्ही कोणते जी?’ या प्रश्नानं किरायदार कळत नाही

पोस्ट लांब आहे, वेळ असेल तर वाचा. इथे बहुतेक जण जुन्या बालाघाटच्या गोड आठवणी लिहितात. छोटी लाईन, वैनगंगेचा पूर, काली पुतली चौकातली संध्याकाळ. माझी आठवण गोड नाही. पण मागच्या महिन्यात एका वास्तुशांतीच्या पंगतीत जे ऐकलं त्यानंतर गप्प बसवत नाही.

नवा मजला चढवलेल्या यजमानानं सहज विचारलं, “वरचा मजला किरायानं द्यावा म्हणतो. चांगला किरायदार कसा ओळखावा?” पंगतीत सात-आठ जण होतो. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच. “आडनाव विचारा जी, आपोआप समजते.” एक जण म्हणाला, “आपल्यातलाच पाहा. फसला तरी घरचाच फसला.” सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचीच लाज वाटून हे लिहितो आहे. कारण आडनाव विचारून काय समजतं आणि काय समजत नाही हे आमच्या घरानं नऊ वर्षं भोगलं आहे.

गोष्ट 1987 ची. मी बारा वर्षांचा. बाबा सरकारी कचेरीत कारकून. पै-पै जोडून घरामागे दोन खोल्या, मोरी आणि वेगळा दरवाजा एवढं बांधलं होतं. हिशेब सरळ होता, किरायाच्या पैशांत ताईचं कॉलेज निघेल. फाटकाला पाटी लावली, ‘खोली किरायाने देणे आहे’. अक्षर माझंच होतं. पत्र्यावर निळ्या रंगानं काढलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान.

तिसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयातली एक नर्स आली. बदलून आलेली, सोबत म्हातारी आई. बदलीचा कागद स्वतःहून दाखवला. दोन महिन्यांचा किराया आगाऊ देते म्हणाली. आईला ती आवडली हे मला आईच्या चेहऱ्यावरूनच दिसलं, चहा टाकायला उठलीच होती. तेवढ्यात बाबांनी विचारलं, “तुम्ही कोणते जी?” तिनं सांगितलं. आवाज न बदलता सांगितलं. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अरे, सांगायचं राहिलं. खोली कालच दिली.” आई उभी होती ती तशीच आत गेली. चहा झाला नाही.

ती फाटकाबाहेर पडली तेव्हा बाबांनी मला खूण केली, पाटी काढ. मी धावत जाऊन पाटी काढली. ती अजून गल्लीतच होती. तिनं मागे वळून पाहिलं. मी हातात पाटी धरून उभा. ती काही बोलली नाही, आईचा हात धरून वळणावरून दिसेनाशी झाली. अर्ध्या तासानं बाबा म्हणाले, “लाव आता परत.” मी लावली.

बाबा वाईट माणूस नव्हते. हे वाक्य आपल्यातला प्रत्येक जण आपल्या बापाबद्दल लिहितो, मीही लिहितो, आणि ते खरंही आहे. पण त्या दिवशी त्यांनी किरायदार पारखला असं ते मरेपर्यंत समजत होते. त्यांनी काहीच पारखलं नव्हतं. पगार, बदलीचा हुकूम, आगाऊ किराया, सोबतची म्हातारी, सगळं समोर होतं. त्यातलं त्यांनी काही पाहिलं नाही. एक प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरावर सगळं ठरवलं.

दिवाळीनंतर ‘आपला’ माणूस आला. आत्याच्या सासरकडचा कुणीतरी, छोटी-मोठी ठेकेदारी करणारा. त्याला बाबांनी काय विचारलं? काही नाही. आधी कुठे राहत होता, तिथून का निघाला, महिन्याला किती कमावतो, काही नाही. लेखी? “घरच्या माणसाशी काय लिहापढी करायची!” पावती? तीही नाही, द्यायला बाबांनाच लाज वाटायची. सहा महिने किराया आला. मग अर्धा आला. मग ‘बिल अडकलं आहे काका’ आलं. मग काहीच आलं नाही. दोन वर्षांनी बाबांनी आवाज चढवला तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं, “काका, मी किरायदार कुठे आहे? मी तर नातेवाईक म्हणून राहतो.”

ज्या नात्याच्या भरवशावर खोली दिली, तेच नातं त्यानं वकिलाच्या हातात दिलं. बाबांजवळ किरायाचा एक कागद नव्हता. तारखा पडत राहिल्या. समाजातले मोठे लोक समजूत घालायला आले, पण बाबांचीच. “जाऊ द्या, घरातलं भांडण कोर्टात कशाला?” ताईनं बी.ए.चं शेवटचं वर्ष खाजगी परीक्षा देऊन काढलं. 1996 मध्ये तो निघाला, तेही बाबांनी त्याला निघण्यासाठी पैसे दिले म्हणून. मोरीचा दरवाजासुद्धा उचलून घेऊन गेला.

आणि ती नर्स? दोन गल्ल्या सोडून एका सायकलवाल्याच्या घरी राहिली. बदली होईपर्यंत, आठ-नऊ वर्षं. सायकलवाला मला एकदा पंक्चर काढताना म्हणाला होता, “सिस्टरबाईचा किराया एक तारखेला येते, घड्याळ लावून घ्या.” मी पैसे देऊन निघालो. ती पाटी मीच काढली होती हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता कुणी म्हणेल, एका घरच्या गोष्टीवरून सगळ्या समाजाला कशाला झोडपता? बरं, मोठ्या माणसाची गोष्ट घ्या. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आलेले, महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकले म्हणून करारानं बांधलेले. अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लिहून राहिले. रोजचा दीड रुपया देत होते, कुणाला त्रास नव्हता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली दहा-बारा माणसं खोलीसमोर उभी राहिली आणि खोली खाली करायला सांगितली. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही सबबी सांगितल्या. देशातल्या सर्वात शिकलेल्या माणसांपैकी एक माणूस कमाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

घरमालक म्हणून विचार करा. पगार पक्का, नोकरी संस्थानची, शिक्षण परदेशातलं, किराया रोखीत. यापेक्षा भरवशाचा किरायदार तेव्हाच्या बडोद्यात कोण असेल? आणि बडोद्याच्या सगळ्या पारखी लोकांनी त्यांनाच बाहेर काढलं. पंगतीत सांगितलेली ‘आडनावावरून समजते’ ही विद्या इतकी पक्की आहे!

आता ते जुनं झालं म्हणाल, तर तेही नाही. दिल्लीच्या आसपास संशोधकांनी घरमालकांना वेगवेगळ्या नावांनी फोन करून पाहिलं, 2015 मध्ये तो अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. सवर्ण वाटणाऱ्या नावाला जवळपास सगळीकडे होकार, दलित नावाला कमी, मुसलमान नावाला त्याहून कमी. फोनवर पगार कळत नाही, वागणूक कळत नाही. फक्त नाव कळतं, आणि तेवढं पुरलं.

आपल्या बालाघाटात खोली शोधत कोण येतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतला नवा कर्मचारी. बँकेत बदलून आलेला तेलगू नाहीतर बिहारी मुलगा. वन विभागातला. पोलिसातला. जिल्हा रुग्णालयातल्या मुली. आणि बैहर, परसवाड्याकडून पी.जी. कॉलेजात शिकायला येणारी गोंड आणि बैगा पोरं. यांतल्या शेवटच्यांना आपण काय उत्तर देतो ते मला माहीत आहे, कारण मीही त्या उत्तरांच्या घरात वाढलो. “पोरांना देत नाही.” “फॅमिलीला देतो.” फॅमिली घेऊन आला तर, “शाकाहारीच पाहिजे.” शाकाहारी निघाला तर, “खोली कालच दिली.” आणि यांतल्या अर्ध्या घरांत रविवारी मटण शिजतं, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

2022 मध्ये हेच फिरून माझ्या दारात आलं. माझी मुलगी नोकरीला पुण्याला गेली. मराठी मुलगी, मराठी शहर, मला वाटलं अडचण कसली? दलालानं पहिल्यांदा विचारलं, नॉनव्हेज खाता का. मग विचारलं, मित्र येतील का. मग आधार कार्डावरचा पत्ता पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, “बालाघाट म्हणजे ते नक्षलवाद्यांचं ना? नको बाई, पोलिसांची कटकट.” मुलगी फोनवर रडत होती, “बाबा, मी काय केलं?” घरात सगळे त्या बाईला शिव्या घालत होते. मी उठून बाहेर पडवीत आलो. मला फक्त ती निळ्या अक्षरांची पाटी दिसत होती.

आता दुसऱ्या बाजूचंही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल शहाणा उपदेश करतो. 2011 मध्ये बाबा गेल्यावर खोल्या माझ्या हाती आल्या. मी ठरवलं, बाबांची चूक धुवून काढायची. पहिला जो मुलगा आला त्याला काहीही न विचारता खोली दिली. जात विचारली नाही याचा इतका आनंद होता की मी नोकरीही विचारली नाही, आधीचा पत्ता विचारला नाही, ओळखपत्राची प्रतही घेतली नाही. साडेचार महिन्यांनी एका सकाळी खोली रिकामी. तीन महिन्यांचा किराया आणि विजेचं बिल माझ्या डोक्यावर. मुलगा कोणत्या जातीचा होता मला अजून माहीत नाही. आणि मंडळी, त्यानं काही फरक पडत नाही. बाबांनी न पारखता ‘आपला’ घेतला, मी न पारखता ‘कुणीही’ घेतला. दोघेही फसलो, कारण दोघांनीही पारखलंच नाही.

तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो. यात काही गुप्त विद्या नाही.

पहिलं, मी एका वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत आणि जो येईल त्याला तेच विचारतो. काम काय, पगाराचा कागद किंवा बदलीचा हुकूम, किती माणसं राहणार, किती दिवसांसाठी, आधीचं घर का सोडलं. किराया त्याच्या महिन्याच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल तर त्यालाच सांगतो, बाबा, तुला जड जाईल. विद्यार्थी असेल तर घरच्यांशी फोनवर बोलतो. जात, धर्म, जेवण वहीत नाही. वहीत नाही म्हणून तोंडातही येत नाही.

दुसरं, आधीच्या घरमालकाला फोन. पण इथे एक गंमत आहे. आता ज्याच्या घरी राहतो त्याचं ऐकून निर्णय घेऊ नका. त्याला तो नकोसा झाला असेल तर तो तुमच्यापुढे त्याची आरती ओवाळेल. त्याच्याही आधीच्याला विचारा. त्याचा आता काही स्वार्थ नाही, तो खरं बोलतो. विचारायचे दोनच प्रश्न: किराया वेळेवर यायचा का, आणि पुन्हा द्याल का? दुसऱ्या प्रश्नानंतर जो थांबतो, त्या थांबण्यात उत्तर असतं.

तिसरं, लेखी करार. अकरा महिन्यांचा करतात ते काही शुभ आकडा आहे म्हणून नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून. त्यात किराया, अनामत, वीज-पाणी कोण भरणार, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, सगळं लिहा. अनामत मी दोन महिन्यांची घेतो. केंद्रानं 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा राज्यांसाठी तयार केला त्यातही राहत्या घरासाठी हीच मर्यादा आहे. विजेचं मीटर वेगळं. ताबा देताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो दोघांच्याही मोबाइलवर. आणि दर महिन्याला पावती. भावाला दिली खोली तरी पावती. बाबांजवळ त्या पावत्या असत्या तर ताई कॉलेजात गेली असती.

चौथं, पोलिस ठाण्यातली पडताळणी. आपल्याकडे लोक दोन टोकाला जातात. काही जण करतच नाहीत, “कोण ठाण्यात जाते जी!” जिल्हा प्रशासनाचा आदेश असताना माहिती दिली नाही तर कारवाई घरमालकावर होते, हे लक्षात ठेवा. आणि काहींना वाटतं ठाण्याचा शिक्का म्हणजे चारित्र्याचा दाखला. तो तसा नाही. त्यावरून माणसाची नोंद होते, ओळख खरी आहे का ते कळतं, आधीचा गुन्हा नोंदलेला असेल तर कळू शकतो. किराया वेळेवर देईल का हे ठाण्यात कुणालाच माहीत नसतं. ते तुमचं काम. आणि आधारची प्रत घेता तेव्हा त्यावर तारीख आणि ‘फक्त किराया करारासाठी’ असं लिहा. समोरच्याचा कागद तुमच्या कपाटात आहे, तोही जबाबदारीचाच.

पाचवं, बिघडलं तर कुलूप तोडणं, पाणी बंद करणं, चार पोरं पाठवणं हे धंदे नको. आपल्या राज्यात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. किराया थकला तर आधी लेखी मागणी, त्यानंतर दोन महिन्यांची मुदत, मग कोर्ट. वेळ लागतो, हो. पण कागद असला तर वेळ लागतो, कागद नसला तर आयुष्य जातं. आमच्या घरी गेलं.

“घर आमचं, कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवू.” हे मला पंगतीतच ऐकवलं गेलं. ठरवा ना. पैसे देऊ शकत नाही म्हणून नाही म्हणा, आधीच्या घरी भांडणं केली म्हणून नाही म्हणा, दोन खोल्यांत नऊ माणसं म्हणून नाही म्हणा. यातलं प्रत्येक कारण तुम्ही त्याच्या तोंडावर सांगू शकता. जे कारण तोंडावर सांगता येत नाही, ज्याच्यासाठी ‘कालच दिली’ असं खोटं बोलावं लागतं आणि बारा वर्षांच्या पोराला पाटी काढायला पाठवावं लागतं, ते कारण काय लायकीचं आहे हे तुम्हालाच ठाऊक असतं. म्हणून तर तुम्ही ते लपवता.

“घरात तरण्या मुली आहेत.” माझ्याही होत्या. मुलींची काळजी असेल तर दरवाजा वेगळा करा, दिवा लावा, आधीच्या दोन घरमालकांना फोन करा. आमच्या खोलीतला तो ‘आपला’ ठेकेदार दारू पिऊन अंगणात उभा राहायचा तेव्हा ताई संध्याकाळी नळावर जात नसे. त्याचं आडनाव अगदी बरोबर होतं.

“शेजारी काय म्हणतील?” शेजारी काहीतरी म्हणतीलच. गेली चार वर्षं माझ्या मागच्या खोल्यांत बैहरकडची दोन गोंड भावंडं राहतात, भाऊ बी.एड. करतो, बहीण नर्सिंग. पहिल्या महिन्यात एका शेजाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “हे कोणते जी?” मी म्हटलं, “वेळेवर देणारे.” तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. किराया मात्र पाच तारखेच्या आत येतो. दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा बहिणीनं आधी येऊन सांगितलं.

त्या पंगतीतल्या यजमानांना हे सगळं तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, जिलेबी खात बसलो. दादा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्या फाटकावर पाटी लागली आहे, मी काल जाता-जाता पाहिली. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘फक्त समाजातील शाकाहारी परिवारास’. ती ओळ पुसा. वहीचे प्रश्न हवे असतील तर मी आणून देतो. आणि पाटी काढायची वेळ आलीच, तर स्वतः काढा. तुमचा नातू आता अकरा वर्षांचा आहे, त्याला पाठवू नका.